सरावाला वेळ कोणाला होता?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. कोर्टातून येऊन आम्ही काळा कोट खुंटीला अडकवतो न अडकवतो तोच वस्तीतली चार माणसे दारात उभी. पुढे आमचे एक ज्येष्ठ बाबा, वय ऐंशीच्या घरातले. नामांतराच्या लढ्यात तुरुंग पाहून आलेला माणूस. आम्ही चळवळीत आलो ते अशांची भाषणे ऐकूनच. त्यांच्या हातात अर्ज होता.

“वकीलसाहेब, विहारात रोज संध्याकाळी पोरं पिपाण्या फुंकत्यात. दोन महिने झाले, तेच ते, तेच ते. एक गाणं म्हणून वाजवीत नाहीत. ते आधी बंद करा.”

हे अकोले म्हणजे विदर्भातले अकोला नव्हे. अहिल्यानगर जिल्ह्यातले, प्रवरेच्या काठचे, भंडारदरा आणि कळसूबाईच्या वाटेवरचे आमचे अकोले. दादासाहेब रूपवत्यांचा तालुका. शेजारच्या सिन्नर तालुक्यात देशवंडी, म्हणजे वामनदादा कर्डकांचे गाव. गाण्याचे वावडे असलेला हा मुलूख नाही. मग पोरांच्या वाजवण्यावर अर्ज का यावा?

अर्ज आवाजाविषयी होता. पण बाबांना आवाजाचा त्रास असण्याचे कारण नव्हते, कारण ते दोन्ही कानांनी निम्मे बहिरे आहेत. खरे दुखणे चहा झाल्यावर बाहेर आले. त्यांचे वडील पाटलाच्या वरातीपुढे डफ वाजवीत. धर्मांतरानंतर त्यांनी डफ खाली ठेवला. वस्तीवर बहिष्कार पडला, किराणा बंद झाला, बायकांना दळण घेऊन दुसऱ्या गावी जावे लागले. “एवढं सोसून माझ्या बापानं वाजवणं टाकलं. आणि तुम्ही शिकलीसवरली माणसं नातवंडांच्या हातात परत वाजंत्री देता?”

या प्रश्नाला आमच्याजवळ त्या संध्याकाळी उत्तर नव्हते. अर्ज ठेवून घेतला आणि दुसऱ्या दिवशी विहारात जाऊन बसलो. एक दिवस नाही, मग पुष्कळ दिवस बसलो. त्यातून जे कळले ते वाचकांपुढे ठेवतो.

बाबांचे म्हणणे चूक नाही, हे आधी सांगितले पाहिजे. आमच्या समाजात वाद्य ही कधी निव्वळ कला नव्हती. गावगाड्यात वाजवण्याचे काम मातंग आणि होलार बांधवांच्या वाट्याला आले. कोकणात खालूबाजा वाजवणारी माणसे महारवाड्यातली होती, आणि धर्मांतरानंतर गावोगाव त्यांनी तो खाली ठेवला. वाजवणाऱ्याने वाजवायचे, देवळाच्या पायरीखाली थांबायचे, जेवणावळ उठल्यावर उरलेले घ्यायचे. सूर कितीही गोड लागला तरी वाजवणाऱ्याची जागा बदलत नसे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात वतनदारीच्या कायद्यात सुधारणा करणारे विधेयक मांडले ते याच गुलामीवर घाव घालण्यासाठी. कनिष्ठ गाववतने कायद्याने नाहीशी व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. घटनेच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगारीला मनाई केली ती त्याआधीच. तेव्हा ज्यांनी डफ, ढोल, सनई टाकली त्यांनी कला टाकली नाही, वेठ टाकली. त्यांच्यापुढे आम्ही आजही नतमस्तक आहोत.

आता विहारात काय चालते ते पाहा.

शिकवणारे मास्तर सैन्याच्या बॅण्डमधून निवृत्त झालेले, तालुक्यातल्याच एका गावचे. पचमढीला त्यांचे शिक्षण झाले. तिथे १९५० पासून लष्कराचा संगीत विभाग आहे आणि देशभरातल्या पलटणींचे वादक तिथे घडतात. नाव छापू नका, असे त्यांनी बजावले आहे. पोरे नऊ, वाद्ये पाच. तीन ट्रम्पेट, दोन कॉर्नेट, सगळी जुनी, मेरठच्या बाजारातून फिरत फिरत आलेली. नऊ जणांत बौद्ध आहेत, मातंग आहेत, राजूरकडची एक ठाकर समाजाची मुलगी आहे. माउथपीस मात्र प्रत्येकाचे स्वतःचे. नळीतले पाणी काढायला खाली पत्र्याचा डबा असतो. ती थुंकी नसते, श्वासाची वाफ थंड होऊन झालेले पाणी असते, हे आम्हाला दोन आयांना बसवून समजावून सांगावे लागले.

ट्रम्पेट म्हटले की आपल्याकडे लोक तुतारी समजतात. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ‘तुतारी वाजवणारा माणूस’ आणि ‘ट्रम्पेट’ या दोन चिन्हांची मतदारांच्या मनात गल्लत झाली आणि त्यावरून केवढी ओरड झाली ते सर्वांना आठवत असेल. फरक मोठा आहे. तुतारीला बटणे नाहीत. नुसत्या ओठाच्या ताणावर तिच्यातून ठरावीकच सूर निघतात. सा, मग प, मग वरचा सा, वरचा ग, वरचा प, असे उड्या मारत. मधले सूर तिच्यात नाहीतच. म्हणून तुतारी आरोळी देते, गाणे म्हणत नाही. ट्रम्पेटला तीन व्हॉल्व्ह असतात, आणि ते दाबले की हवेची वाट लांबते. मधला दाबला की सूर अर्ध्याने उतरतो, पहिला दाबला की एकाने, तिसरा दाबला की दीडाने. तीन बटणांच्या आठ जुळण्या होतात. पण पहिला आणि मधला मिळून जेवढे उतरतात तेवढेच एकटा तिसरा उतरतो, म्हणून खऱ्या लांब्या सातच. या सातांवर आणि ओठांवर सगळे संगीत. ही व्हॉल्व्हची युक्ती काढली श्टोल्झेल आणि ब्ल्यूमेल या दोन जर्मन वादकांनी, आणि तिचे पेटंट त्यांनी घेतले १८१८ साली. सालाचा योगायोग भीमा कोरेगावला जाणाऱ्या वाचकाला सांगायला नको.

तर मास्तर काय करून घेतात? पहिले पंधरा दिवस हातात वाद्यच नाही. नुसते माउथपीस, आणि त्यात ओठ थरथरवायचे. क्लॅरिनेटला रीड असते, इथे रीड म्हणजे आपलेच ओठ. मग एकच सूर, आठ मात्रा, हळू. पुन्हा आठ मात्रा. सूर हलता कामा नये, सुरुवातीला धक्का नको, शेवटी गळायला नको. आम्हीही एकदा नळी तोंडाला लावून पाहिली. म्हैस अडली की जसा आवाज काढते तसा काहीसा आवाज निघाला आणि नऊच्या नऊ पोरे आमच्यावर हसली. बार असोसिएशनमध्ये अद्याप ही गोष्ट गेलेली नाही.

मग सप्तक. सा ला बटण नाही, रे ला पहिले आणि तिसरे, ग ला पहिले आणि मधले, म ला नुसते पहिले, प पुन्हा मोकळा, ध ला पहिले-मधले, नी ला मधले, वरचा सा मोकळा. पहिले आणि तिसरे एकत्र दाबले की सूर किंचित चढा लागतो, म्हणून रे वाजवताना तिसऱ्या नळीची कडी बोटाने थोडी बाहेर सरकवायची. ते हातात बसायला एका पोराला तीन आठवडे लागले. सप्तक बसले की पलटे. सारेग, रेगम, गमप. मग सारेगम, रेगमप. मग एक सोडून एक, साग, रेम, गप. उलटे, सुलटे. आपल्याकडच्या गवयांनी ज्यांना अलंकार किंवा पलटे म्हटले, तेच युरोपातल्या वादकांनी पुस्तकात लिहून ठेवले. पॅरिसच्या संगीतशाळेतले प्राध्यापक झां-बाप्तिस्त आर्बां यांनी १८६४ साली कॉर्नेटसाठी जाडजूड पुस्तक काढले, ते आजही जगभरचे ट्रम्पेटवाले उघडून बसतात. मास्तरांकडे त्याची झेरॉक्स आहे, इतकी हाताळलेली की पाने पापडासारखी झाली आहेत. दुसरे पुस्तक अमेरिकेच्या हर्बर्ट क्लार्क यांचे, १९१२ चे. त्यातला पहिलाच धडा असा की जवळजवळचे सूर, अर्ध्या-अर्ध्याचे अंतर, एका श्वासात पुन्हा पुन्हा, आणि तेही अगदी हळू आवाजात.

“तेच ते, तेच ते” म्हणून बाबांनी तक्रार केली ते हेच.

आम्ही मास्तरांना विचारले, एवढे कशाला? पोरांना दोन भीमगीते बसवून द्या, जयंतीला वाजवतील, लोकही खूश होतील. मास्तरांनी आम्हाला हार्मोनियमसमोर बसवले. म्हणाले, “साहेब, या ट्रम्पेटचा सा तुमच्या पेटीवर शोधा.” शोधला. काळी पाच. “आता आपला गायक कुठून गातो?” आमच्या इकडचे बरेच शाहीर काळी एकमध्ये गातात. “म्हणजे त्याचा सा माझ्या कोमल गवर येतो. पोराला फक्त सा पासूनचं सप्तक येत असेल तर तो काय वाजवणार? गायकाला सांगणार का, माझ्यासाठी पट्टी बदल म्हणून? पांढरी चारवाला आला तर त्याचा सा माझ्या पवर. पेटीवाला बोट सरकवतो. ह्याला प्रत्येक पट्टीत बोटांची जुळणी नव्यानं शिकावी लागते. पट्ट्या बारा. म्हणून पलटे बारा वेळा.”

कायद्यात जसे कलम पाठ असून चालत नाही, कोणत्या प्रकरणात कोणते लागू होते ते कळावे लागते, तसे हे. आमच्या डोक्यात प्रकाश पडला.

आता दुसरी बाजू ऐका, कारण बाबांचा आक्षेप हा एकच आक्षेप नव्हता. वर्गातला सर्वांत हुशार पोरगा मातंग समाजाचा, दहावीतला. त्याचे वडील लग्नाच्या बॅण्डमध्ये ट्रम्पेट वाजवतात, त्यांचेही वडील वाजवीत. त्यांनी एका संध्याकाळी येऊन मास्तरांना सरळ विचारले, “मास्तर, लग्नसराई तोंडावर आली. पोराला पन्नास गाणी यायला पाहिजेत. तुम्ही त्याला अजून सारेगम का म्हणून घोटायला लावलंय? सुपारी घेतलेली आहे, सारेगमला कोण पैसे देतं?”

या बापावर कोणी हसू नये. कानाने ऐकून सिनेमातले नवे गाणे दोन दिवसांत उचलणे ही साधी विद्या नाही. ती आम्हाला शंभर जन्मांत जमणार नाही (जन्मावर आमचा विश्वास नाही, ते सोडा). पण ही माणसे आयुष्यभर दोन-तीन पट्ट्यांत वाजवतात, कागद वाचता येत नाही, आणि वरातीत डीजेची भिंत उभी राहिली की त्यांची सुपारी गेली. मालक, वादक, मजूर अशी उतरंड बॅण्डमध्येही आहे. चार महिने काम, उरलेले आठ महिने ऊसतोड नाहीतर बांधकाम. चकाकणारा लाल कोट हा मालकाचा असतो, घरी नेता येत नाही. ग्रेगरी बूथ नावाच्या अभ्यासकाने भारतातल्या बॅण्डवाल्यांवर ‘ब्रास बाजा’ हे पुस्तक लिहिले, २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांच्याशिवाय लग्न लागत नाही त्यांनाच लग्नात कोणी विचारत नाही, हे कळायला परदेशातला माणूस यावा लागला. आमच्या लेखकांनी अण्णाभाऊंनंतर वाजंत्र्यांकडे किती पाहिले?

आमचा मुद्दा इथे येतो. त्या बापाला सारेगमसाठी वेळ कोणी दिला होता? बाबांच्या वडिलांना कोणी दिला होता? हिंदुस्थानी संगीतात चिल्ला नावाची रीत आहे. चाळीस दिवस शागीर्दाने खोलीत कोंडून घेऊन रियाज करायचा. मोठमोठ्या उस्तादांच्या चिल्ल्याच्या कथा आपण आदराने ऐकतो, ऐकाव्यातच. पण चाळीस दिवस खोलीत बसायचे तर चाळीस दिवस पीठ कुठून येते? ते संस्थानातून येत होते, जहागिरीतून येत होते. ज्याला सकाळी हाक आली की धावायचे आहे, त्याला खोलीचे दार लावून घेता येत नव्हते. जातीने आमच्याकडून हत्यार घेतले, पाटी घेतली, पाणी घेतले, हे आपण नेहमी बोलतो. सरावाचा वेळ घेतला, हे कोणी बोलत नाही. आमच्या माणसाला थेट मांडवात उभे केले. शिकायला नाही, वाजवायला. आणि मग वरून म्हटले, यांच्या रक्तातच ताल आहे. रक्तात ताल असतो हे म्हणणे म्हणजे याला शिकवायची गरज नाही, याला पगाराची गरज नाही, असेच म्हणणे आहे. असल्या स्तुतीपासून सावध राहिले पाहिजे.

वेळ आणि कागद मिळाला की काय होते, याचा दाखला फार लांब नाही. पोर्तुगीजांच्या काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांत पोरांना स्वरलिपी वाचायला शिकवीत. हेतू प्रार्थनेचा होता, आणि जात तिथल्या ख्रिस्ती समाजातही होती, आहे. पण सूर कागदावरून वाचता येणारी माणसांची एक मोठी फळी त्यातून तयार झाली. हळदोण्याचे आंतोनिओ झेवियर वाझ, जन्म १९१६, त्यांपैकी एक. मुंबईत ते चिक चॉकलेट या नावाने गाजले. लोक त्यांना हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. हॉटेलांत जॅझ वाजवणारा हा माणूस हिंदी सिनेमात शिरला तो संगीतकार सी. रामचंद्र यांच्याबरोबर. आणि हे सी. रामचंद्र कुठले? आपल्याच नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. ‘समाधी’ (१९५०) आणि ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटांतल्या गाण्यांत जो ट्रम्पेट झळकतो तो या जोडीचा. मुंबईच्या ध्वनिमुद्रणाच्या खोल्यांत गोव्याचे वादक वर्षानुवर्षे टिकले, कारण समोर कागद ठेवला की ते वाजवीत. लग्नाच्या बॅण्डमधला आमचा माणूस तिथे फारसा पोचला नाही. कान त्याचाही तेवढाच तयार होता, पण कागद त्याला कोणी दाखवलाच नव्हता.

आणि खुद्द आर्मस्ट्राँग? १९१२ च्या वर्षअखेरच्या रात्री न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यावर पिस्तुलाचा बार काढला म्हणून अकरा वर्षांच्या या काळ्या पोराला पकडले आणि काळ्या मुलांच्या सुधारगृहात टाकले. तिथे पीटर डेव्हिस नावाचे शिक्षक होते. त्यांनी आधी खंजिरी दिली, मग ढोल, मग बिगुल, मग कॉर्नेट. पायरी पायरीने. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेला सराव. पुढे तो पोरगा त्या बॅण्डचा प्रमुख झाला. १९५७ मध्ये लिटल रॉकच्या शाळेत काळ्या मुलांना अडवले गेले तेव्हा याच आर्मस्ट्राँगने राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना जाहीरपणे सुनावले आणि सरकारतर्फे ठरलेला रशियाचा दौरा नाकारला. लोक त्याला हसरा, गोऱ्यांना रिझवणारा म्हणत होते. ज्या पँथरने १९७२ मध्ये अमेरिकेच्या काळ्या बांधवांकडून नाव घेतले, तिच्या वारसांना ही गोष्ट माहीत असायला हवी.

बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले, हे आपण अभिमानाने सांगतो. फोटोखाली लिहितो. पण शिकायला घेतले म्हणजे काय केले, याचा विचार करत नाही. जगातला एवढा मोठा विद्वान मास्तरासमोर बसून गज ओढायला शिकत होता. व्हायोलिन शिकणाऱ्याला पहिले दिवस तेच ते, तेच ते करावे लागते. त्यातून कोणाचीच सुटका नाही.

बाबांशी आम्ही हे सगळे बोललो. ते ऐकून घेतात, पण लगेच मानत नाहीत, हा त्यांचा जुना गुण. म्हणाले, “बाबासाहेबांचं व्हायोलिन कोणाच्या वरातीपुढं नव्हतं.” बरोबर आहे. म्हणून आम्ही मास्तरांबरोबर बसून एक नियम केला. विहारात शिकणारे पोर विहाराच्या नावाने कोणाच्याही वरातीत वाजवायला जाणार नाही. स्वतःच्या धंद्यासाठी जायचे तर मजुरी आधी ठरवून, बसायला खुर्ची आणि इतरांच्या पंगतीत जेवण घेऊन. मातंग बांधवाने हे ऐकले आणि हसून म्हणाले, “वकीलसाहेब, खुर्चीचं कलम मालकाला वाचून दाखवा.” दाखवू.

अर्जातल्या कायद्याच्या मुद्द्यावरही दोन शब्द. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. तीन ट्रम्पेट एकदम फुंकले तर ५५ ची मर्यादा खिडकीतून उडी मारून जाते, हे वकील म्हणून आम्हाला कबूल करावे लागते. अर्जदारांची बाजू अगदीच लंगडी नव्हती. तोडगा मास्तरांच्या पुस्तकातच निघाला. क्लार्कचे धडे हळूच वाजवायचे असतात. जोरात वाजवले तर उलट बिघडतात. शिवाय तोंडावर म्यूट लावले की आवाज शेजारच्या घरापर्यंत जेमतेम पोचतो. आता संध्याकाळी सहा ते साडेसात, खिडक्या लावून, म्यूट लावून. समोरच्या घरातल्या आक्का म्हणतात, यापेक्षा टीव्हीचा त्रास जास्त.

पण सगळे सुरळीत झाले असे नाही. डिसेंबरात तो दहावीतला पोरगा आठ दिवस वडिलांबरोबर वरातींना गेला. पुढे जनरेटर, मागे दुसऱ्या वरातीचा डीजे. त्यांच्यावर मात करायला पोराने वाद्य ओठांवर दाबून दाबून फुंकले. नवव्या दिवशी विहारात आला तो ओठ सुजलेला, आणि मधला प सुद्धा लागेना. रडला. मास्तर रागावले नाहीत. त्यांनी त्याचे वाद्य काढून घेतले आणि दोन आठवडे फक्त बसून ऐकायला लावले. नंतर पुन्हा माउथपीसपासून, लांब सुरापासून, जसे पहिल्या दिवशी. ओठ म्हणजे मांस आहे. वाद्य त्यावर दाबून वरचा सूर काढता येतो, पण रक्त अडते आणि काही दिवसांत खालचे सूरही जातात. म्हणून मास्तरांचा नियम असा की जेवढे वाजवाल तेवढे थांबा. एक वाद्य दोघांत आहे ते बरेच झाले, एकाचे होईपर्यंत दुसऱ्याचे ओठ विसावतात.

त्या दिवशी आम्हाला सोण कोळिविस आठवला. विनयात त्याची गोष्ट आहे. भिक्खू झाल्यावर चालून चालून त्याने पाय रक्तबंबाळ केले आणि खचला. तथागतांनी त्याला विचारले की तू घरी असताना वीणा वाजवीत होतास ना, तारा फार ताणल्या तर ती वाजत होती का, फार सैल सोडल्या तर वाजत होती का? एका वादकाला वादकाच्याच भाषेत तथागतांनी समजावले. ही गोष्ट आम्ही पोरांना सांगितली तेव्हा ठाकरांच्या मुलीने विचारले, वीणेला पट्ट्या किती असतात? तिला आम्ही मास्तरांकडे पाठवले.

या मुलीमुळेच पोटापाण्याचा विषय निघाला. पोलीस भरतीत बॅण्डस्मन हे वेगळे पद निघते, आमच्या पोरांना त्याची खबरही नसते. २०२४ मध्ये हवाई दलाने अग्निवीरवायू संगीतकार म्हणून भरती काढली. दहावी पास, अविवाहित मुलगे आणि मुली, दोघांनाही संधी. वाद्यांच्या यादीत ट्रम्पेट होते. उमेदवाराने वाद्य सुरात लावून दाखवायचे, आणि कोणती तरी एक स्वरलिपी यायला हवी, मग ती पाश्चात्त्य असो की हिंदुस्थानी. चार वर्षांची नोकरी, नंतर जास्तीत जास्त पाव जण कायम, ही अग्निवीर योजना आम्हाला पसंत नाही. तिच्यावर आम्ही याच स्तंभात लिहू. पण आमच्या वस्तीतल्या किती पोरांना त्या जाहिरातीची अट पुरी करता आली असती? पन्नास गाणी येणारे पुष्कळ होते. १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली त्यासाठी बाबासाहेबांनी किती खटपट केली ते आपण जाणतो. बंदुकीबरोबर त्या पलटणीत बॅण्डही असतो, आणि त्यातला वादक आधी सप्तक घोटतो, मग कूच वाजवतो.

यंदाच्या १४ एप्रिलला सकाळी ध्वजारोहणाच्या वेळी पोरांनी वाजवले. डीजे लागायच्या आधी, कारण तो लागल्यावर कोणाला काही ऐकू येणार नव्हते. गायक काळी एकमध्ये होता. एका कडव्यात दोन पोरे घसरली आणि ओठ सुजलेला तो पोरगा पुढे होऊन त्यांना सावरून घेऊन गेला. संध्याकाळची मिरवणूक नेहमीसारखी डीजेच्या भिंतीमागून गेली. मंडळाच्या बैठकीत आम्ही पुढच्या वर्षी डीजेऐवजी बॅण्ड, असा ठराव मांडला. तो तीन मतांनी पडला.

बाबा सकाळच्या कार्यक्रमाला खुर्ची टाकून बसले होते. अर्ज त्यांनी परत घेतलेला नाही. आमच्याच कपाटात आहे. नातवाला मात्र परवा त्यांनी विहारात सोडले, आणि मास्तर पलटे घेत होते तोवर दाराशी थांबले. नातवाला सध्या माउथपीस मिळाले आहे, वाद्य नाही. नऊचे आता अकरा झाले आहेत आणि वाद्ये पाचच. कोणाच्या घरी माळ्यावर जुना कॉर्नेट किंवा ट्रम्पेट पडून असेल, बटणे अडकलेली असली तरी चालेल, तर विहारात आणून द्यावा. मास्तर तो खोलून, तेल घालून चालता करतात.